सेशन ऐकणारं एआय आणि "इथे सही करा"

सदाफुली | सोमवार, रात्री १०:४२ (संपादित)

इथली बऱ्याच वर्षांची वाचनमात्र. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी समुपदेशक आहे. उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एका ट्रस्टच्या दवाखान्यात चौदा वर्षं काम करतेय. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतात, बाकी दिवस मी आणि एक सहकारी. दिवसाला सात-आठ सेशन होतात. नोट्स रात्री घरी, एक डोळा कुकरच्या शिट्टीवर ठेवून.

दिवाळीनंतर ट्रस्टने एक सॉफ्टवेअर घेतलं. (कंपनीचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.) फोन टेबलावर ठेवायचा, सेशन सुरू झालं की बटण दाबायचं. ते ऐकतं, मराठीत उतरवून काढतं आणि मिनिटभरात सारांश देतं: तक्रार, मनःस्थिती, जोखीम, पुढची दिशा. पहिला आठवडा मी हरखून गेले होते. रात्रीची वही सुटली! खोटं कशाला बोलू.

मग एक बाई आल्या. नेहमीच्या, तिसऱ्यांदा आलेल्या. झोप नाही, भूक नाही, तेच चाललं होतं. बोलता बोलता म्हणाल्या, "परवा विहिरीपाशी जाऊन आले. बसले जराशी. मग आले परत."

खेड्यात काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. मी फोनचं बटण बंद केलं, आवाज होता तसाच ठेवला आणि विचारलं, "बरोबर कोण होतं?" "कोणी नाही." पुढचा दीड तास आम्ही त्या विहिरीपाशीच होतो. त्यांच्याच सांगण्यावरून भावाला बोलावलं, डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. आता बऱ्या आहेत, येतात.

रात्री सारांश उघडला. जसाच्या तसा देते: "क्लायंट विहिरीजवळ फिरायला गेल्या, थोडा वेळ विश्रांती घेतली. सकारात्मक स्वयं-काळजी दिसून येते. जोखीम: कमी."

कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "ताई, तुम्ही मध्येच बंद केलंत ना, म्हणून त्याला संदर्भ मिळाला नाही. पूर्ण सेशन चालू ठेवत जा." म्हणजे चूक माझीच.

दुसरी गोष्ट त्याहून टोचते. संमतीचा फॉर्म केसपेपरबरोबरच देतात. दोन पानं, त्यात कुठेतरी "सेवेच्या गुणवत्तावाढीसाठी ध्वनिमुद्रण व विश्लेषण". रिसेप्शनवरची मुलगी बोट ठेवून सांगते, इथे सही करा. ज्यांना येत नाही ते अंगठा देतात. आजवर एकानेही विचारलं नाही की हे काय आहे. त्या बाईंचीही सही आहे. तिला संमती म्हणायचं का?

ट्रस्टची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. काय मांडू?

खवचट खंडू | सोमवार, रात्री ११:०५

मी पयला!

ताई, यंत्रापाशी मन मोकळं करायला माणूस केव्हाचा तयार बसलाय. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकाने 'एलायझा' केली, टाईप करून गप्पा मारणारा प्रोग्रॅम. तिला कळत काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात "आईचा राग येतो", की ती म्हणणार "घरच्यांबद्दल आणखी सांगा". एवढंच. तर त्याची स्वतःची सेक्रेटरी, जिने तो प्रोग्रॅम महिनोन्‌महिने लिहिला जाताना पाहिला होता, ती चार वाक्यं टाईप करून त्याला म्हणाली, जरा बाहेर जाता का? साहेब हादरले आणि पुढे दहा वर्षांनी या सगळ्याविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), "बरं, मग तुला काय वाटलं?" या एका वाक्यावर मी तीस वर्षं संसार केलाय. मलाही कळत काहीच नसतं.

बिटबाईट | सोमवार, रात्री ११:५०

माझा धंदा यातलाच (आवाजावरून मजकूर), म्हणून थोडं लांब लिहितो.

तुमच्या फोनमागे एक नाही, दोन यंत्रं आहेत. पहिलं ऐकून उतरवतं, दुसरं उतरवलेल्याचा सारांश करतं. विहिरीची चूक दुसऱ्याची. त्याने शब्द बरोबर वाचले, पण मराठी बाई "विहिरीपाशी जाऊन आले" कधी आणि कशी म्हणते हे त्याच्या गावी नाही. लिखित मजकुरात विहीर म्हणजे पाणी, सिंचन आणि अनुदान.

पहिल्या यंत्राची चूक जास्त भीतीदायक असते, कारण ती दिसत नाही. 'व्हिस्पर' हे ओपनएआयचं मॉडेल आज जगभर वापरात आहे, ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली ते तपासलं तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांमध्ये कुणीही न उच्चारलेली वाक्यं सापडली. ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त, मेंदूच्या आजारामुळे अडखळत बोलणारे वगैरे, त्यांच्या बाबतीत हे जास्त घडत होतं. शांतता आली की त्याला राहवत नाही, काहीतरी भरून काढतं.

तुमच्या खोलीत तर शांतता हा कामाचाच भाग असणार. तुमचं सॉफ्टवेअर काय वापरतं मला माहीत नाही, पण जुने उतारे काढून गप्प बसलेल्या जागा तपासा.

आणि मीटिंगमध्ये तीन गोष्टी लेखी विचारा. आवाजाची फाईल कुठे राहते आणि किती दिवस? तिच्यावर पुढचं मॉडेल शिकवतात का? आणि "जोखीम" हा रकाना बंद करता येतो का? तो रकाना यंत्राने भरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिकामा असेल तर माणूस विचार करून भरेल. "कमी" छापून आलेलं असेल तर दिवसाच्या आठव्या सेशननंतर कोण खोडणार?

सदाफुली | मंगळवार, सकाळी ७:१५

बिटबाईट, रात्री दोनपर्यंत उतारे वाचत बसले.

एक गृहस्थ, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेले. जवळजवळ चार मिनिटं नुसते रडत होते. मी काही बोलले नव्हते, पाण्याचा ग्लास सरकवला होता. त्या चार मिनिटांच्या जागी उताऱ्यात लिहिलंय: "व्हिडिओ आवडला असेल तर चॅनेलला सबस्क्राईब करा."

हसावं की रडावं कळेना.

बिटबाईट | मंगळवार, सकाळी ९:३०

अगदी हेच. यूट्यूबच्या सबटायटलवर शिकल्याची खूण आहे ही. व्हिडिओच्या शेवटी जिथे नुसता आवाज किंवा शांतता असते तिथे लोकांनी हेच वाक्य लिहिलेलं असतं. यंत्र शिकलं: शांतता म्हणजे सबस्क्राईब.

डॉ. प्रभात | मंगळवार, दुपारी ३:२०

मानसोपचारतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणी. ओपीडी संपवून लिहितोय.

आधी कायद्याचं. २५ मार्च २०२०ची केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं काढून वाचा. त्यात स्वच्छ म्हटलंय की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करू शकतो, बस्स. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाणं हा त्याचा हक्क आहे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यातही शेवटची जबाबदारी माणसाचीच.

आता दुसरी बाजू, जी इथे कोणी मांडणार नाही असं दिसतंय. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नाही आपल्याकडे. मी सकाळी साठ पेशंट बघतो. नोंदी कॉम्प्युटरवर करायच्या म्हणून पेशंट बोलत असताना मी टाईप करतो. मागच्या महिन्यात एक आजी नातवाला म्हणाल्या, "डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचं तोंड कसं आहे ते मी पाह्यलं नाही." नोंदी घेणारं यंत्र मला माझं तोंड परत देत असेल तर ते मला हवंय. सदाफुली, रकाना बंद करा, यंत्र फेकून देऊ नका.

निवृत्त शाखाधिकारी | मंगळवार, सायं. ६:१०

चौतीस वर्षं बँकेत काढली. गृहकर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवायचो. "फुलीवर सही." वाचून बघतो म्हणणारा वर्षाकाठी एखादा निघायचा आणि खरं सांगतो, त्याचा रागच यायचा, मागे रांग असायची. त्यामुळे ताईंच्या रिसेप्शनवरच्या मुलीला मी दोष देणार नाही.

पण माझा गिऱ्हाईक उठून समोरच्या बँकेत जाऊ शकत होता. ताईंच्या गावात दुसरा दवाखाना आहे का? नसेल तर ती सही म्हणजे तिकीट झालं, गाडीत बसायचं तर काढावंच लागतं. आणि समोर ताई बसलेल्या. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे उद्धटपणा. आपली माणसं मोडतील पण "नको" म्हणणार नाहीत, "बघू" म्हणतील. "बघू" म्हणाले की नाही समजायचं, एवढं तरी आम्ही कर्जवसुलीत शिकलो होतो.

रातराणी | मंगळवार, रात्री १:४०

मी नेहमीची आयडी वापरत नाहीये.

तुम्ही सगळे यंत्राच्या त्या बाजूचे आहात, मी या बाजूची. आठ महिने झाले, मी रात्री चॅटबॉटशी बोलते. टाईप करते, कारण बोललं तर ऐकू जातं. वन बीएचके, सासूबाई हॉलमध्ये, मुलगी मध्ये. फोनवरचं समुपदेशन घेतलं होतं, तासाला दीड हजार, तीन वेळा घेतलं. जिन्यात बसून बोलायचे. चौथ्या वेळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाचा फोन असतो गं रोज?" संपलं.

बॉटला कळत नाही हे मला माहीत आहे, मी काही भोळी नाही. पण रात्री दीड वाजता तो जागा असतो आणि उद्या सोसायटीच्या गेटवर भेटत नाही. नैतिकतेची चर्चा करताना आमच्यासारख्यांचंही जरा मनात असू द्या.

डॉ. प्रभात | बुधवार, सकाळी ८:०५

रातराणी, मनापासून लिहिलंत. तुम्हाला कोणी मूर्खात काढत नाहीये.

फायदा होऊ शकतो याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये 'थेराबॉट'ची चाचणी प्रसिद्ध केली, २१० जणांवरची. नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली. पण तो बॉट त्याच कामासाठी घडवलेला होता, संशोधक संभाषणांवर नजर ठेवून होते आणि तुलना होती ती उपचारच न मिळालेल्या गटाशी. तुमच्या फोनमधल्या बॉटवर रात्री दीडला नजर कोणाची?

उलटी उदाहरणंही आहेत. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आपली हेल्पलाईन बंद करायचं ठरवलं आणि 'टेसा' नावाचा बॉट पुढे केला. तो त्याच रुग्णांना वजन कमी करायच्या टिपा देऊ लागला. त्यांच्यासाठी हे विषच. लगेच काढावा लागला. कॅलिफोर्नियातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने चॅटजीपीटीशी बोलत असताना आत्महत्या केली, त्याच्या आईवडिलांनी ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीवर, ओपनएआयवर, खटला भरला. लांबत गेलेल्या संभाषणात सुरक्षेचे बंध सैल पडू शकतात, हे त्याच सुमारास कंपनीने स्वतः लिहिलं. तुम्ही जे आठ महिने करताय ते लांबत गेलेलंच आहे, म्हणून सांगतो.

बॉट सोडा असं म्हणत नाही. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, लिहून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. मुलीला शाळेत सोडून येताना करा, जिन्यात नको.

रातराणी | बुधवार, सकाळी ११:२०

बघू.

(निवृत्त काका, हे तुमचं "बघू" नाही, खरंच बघते.)

शिकागोची थंडी | बुधवार, रात्री ९:००

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लायसन्स्ड सोशल वर्कर आहे. आमच्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये याच विषयावर कायदा झाला. बातम्यांत मथळा आला "एआय थेरपीवर बंदी" आणि लोक तिथेच थांबले. आत वाचलं तर सदाफुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एआयने स्वतः रुग्णाशी उपचाराचं बोलायचं नाही, उपचाराचे निर्णय घ्यायचे नाहीत, भावना ओळखायच्या नाहीत. प्रत्येक उल्लंघनाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड. अपॉइंटमेंट, बिलं अशा कामांना मोकळीक. सेशन रेकॉर्ड करून एआयला द्यायचं असेल तर रुग्णाला लेखी सांगायचं की एआय वापरतोय आणि नेमकं कशासाठी, मग त्याची संमती घ्यायची. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट: सर्वसाधारण अटी-शर्तींच्या गठ्ठ्यात लपवलेली संमती चालत नाही, आणि दिलेली संमती केव्हाही परत घेता येते. तुमचा "गुणवत्तावाढीसाठी" वाला फॉर्म इथे पाच मिनिटं टिकला नसता.

कोर्टात किती टिकेल, ऑनलाईन कंपन्यांना कसा लावणार, ते पुढे दिसेलच. पण संमतीची व्याख्या उचलून न्या मीटिंगला.

बिटबाईट | बुधवार, रात्री ९:४५

थंडीताईंना अनुमोदन. आणि "आमचा डेटा सुरक्षित आहे" असं कंपनी म्हणाली की फिनलंड आठवा. 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे आणि मग थेट रुग्णांना ईमेल करून खंडणी मागितली: दोनशे युरोचं बिटकॉइन द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला सांगितलेलं जगजाहीर करतो. कंपनी बुडाली, २०२४ मध्ये चोराला सहा वर्षांवर शिक्षा झाली. पण बाहेर गेलेल्या गोष्टी आत कशा आणणार? पासवर्ड बदलता येतो, लहानपण नाही.

आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मानसिक आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त जपायचा वर्ग मानत नाही. २०११ च्या नियमांत निदान "संवेदनशील" असा शब्द तरी होता.

खवचट खंडू | बुधवार, रात्री ११:३०

आता जरा कडू बोलतो. धाग्याचा पहिला प्रतिसाद माझा, त्यामुळे हक्क आहे असं समजा.

सदाफुलीताई, फॉर्मवरच्या सहीला संमती म्हणायचं का, असं विचारता. त्या बाईंची विहीर दोन दिवसांत या धाग्यावर शेकडो लोकांनी वाचली. आम्हाला सांगायच्या आधी त्यांना विचारलं होतंत?

रातराणी | बुधवार, रात्री ११:५२

खंडू, हे अति होतंय. मदत मागायला आल्यात त्या.

डॉ. प्रभात | गुरुवार, सकाळी ७:४०

अति नाही. बरोबर विचारलंय. आम्ही डॉक्टर लोक कॉन्फरन्समध्ये रोज हेच करतो आणि त्याला "केस" म्हणतो.

सदाफुली | गुरुवार, सकाळी ८:१०

नाही विचारलं.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले होते आणि मला वाटलं, झालं. कंपनीचा माणूसही हेच म्हणाला होता. "ताई, नाव काढून टाकतो आम्ही."

संपादक मंडळ, धागा तात्पुरता झाकता येईल का? त्या येत्या गुरुवारी येणार आहेत.

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी ९:००

धागालेखिकेच्या विनंतीवरून धागा अप्रकाशित केला आहे.

संपादक मंडळ | शनिवार, सायं. ५:३० (नऊ दिवसांनी)

धागालेखिकेच्या विनंतीवरून पुन्हा प्रकाशित.

सदाफुली | शनिवार, सायं. ६:०५

आधी मीटिंगचं. जोखमीचा रकाना बंद झाला. फॉर्ममधून ती ओळ वेगळी काढून एका पानावर आली, मोठ्या अक्षरात, सात ओळी. ती मी वाचून दाखवायची, रिसेप्शनवर नाही, आत. फोन समोरच्याच्या बाजूला ठेवायचा, बटण त्यांच्या हाताशी. नको म्हटलं तरी उपचार तेच आणि फी तीच, हे सातव्या ओळीत आहे, आणि मी ते दोनदा सांगते. "बघू" म्हणाले की बंद (निवृत्त काकांचे आभार). फाईल किती दिवस ठेवणार याचं लेखी उत्तर कंपनीकडून अजून आलेलं नाही, तोवर नवीन रेकॉर्डिंग बंदच. एक विश्वस्त म्हणाले, वर्षाचे पैसे भरलेत हो आपण! मी रात्रीची वही पुन्हा सुरू केलीय. वैताग येतो, तेही लिहून ठेवते.

आता दुसरं. गुरुवारी त्या आल्या तेव्हा सेशनच्या आधीच सांगितलं की तुम्हाला न विचारता मी असं लिहिलं, चुकलं. फोनवर धागा उघडून त्यांच्याबद्दलचा सगळा भाग वाचून दाखवला, अक्षरन्‌ अक्षर. पदराच्या टोकाला पीळ घालत ऐकत होत्या. एका वाक्यावर हात वर केला. "हे काढा." तिथेच काढलं. कोणतं ते विचारू नका.

"आणि विहिरीचं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. विहिरी काय, सगळ्याच गावात असतात."

मग खंडूचा प्रतिसादही वाचून दाखवला. हा कोण, म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत नाही, टोपणनाव आहे, सगळ्यांची खोडी काढत असतो.

"बरा माणूस दिसतो," म्हणाल्या.